बस म्हणेपर्यंत

लेकीच्या डब्यातला भात वजनकाट्यावर ठेवला की सिग्नलकाकांना आपण मोठं कर्तव्य पार पाडतोय असं वाटायचं. आकडा दीडशे ग्रॅमच्या जरा पुढे गेला, की ते चमच्याच्या टोकाने चार शितं काढायचे, वाकून पुन्हा बघायचे, आणि आणखी दोन काढायचे. काढलेली शितं स्वतःच्या तोंडात टाकायचे. त्यांचा हिशेब मात्र कुठेच धरला जात नसे.

"अहो, पोरीसाठी दागिने घडवताय का?" ओट्याशी उभी असलेली बायको म्हणायची. ती बाजारात कपडे दुरुस्त करून देणाऱ्या दुकानात कामाला होती आणि सकाळच्या घाईत तिला ओटा मोकळा हवा असायचा. "सोनारसुद्धा एवढं बारीक तोलत नाही."

"तुला चेष्टा सुचते. वर जायचंय तिला."

वर म्हणजे टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये. त्यांना सिग्नलकाका म्हणायला लागून फार वर्षं झाली नव्हती. त्याआधी सबंध उमेदीची वर्षं ते क्रेनकाका होते. खांबाच्या पोटातली शिडी चढून आभाळात टांगलेल्या त्या काचेच्या खोलीत बसायचे, खाली बांधकामावरची माणसं मुंग्यांएवढी दिसायची, आणि काकांच्या मनगटाच्या हालचालीवर टनाटनाचा माल अलगद उतरायचा. पण वर कुणाला काही झालं, तर त्याला दोरीने खाली सोडायचं एक यंत्र केबिनमध्ये असतं आणि त्यावर ठळक अक्षरात शंभर किलोची मर्यादा छापलेली असते. बूट, पट्टा, हत्यारं, जाकीट, सगळं धरून शंभर. वर्षातून एकदा कंपनी क्रेनवाल्यांना त्या अवतारात काट्यावर उभं करते. काकांच्या पायाखालचा काटा एकशे सहा म्हणाला. वर्षभराची मुदत मिळाली, पुढच्या वर्षी एकशे आठ. मग त्यांना खाली आणलं, हातात वॉकीटॉकी दिली आणि सिग्नल द्यायला उभं केलं. त्या दिवशी ते सायकल स्टँडच्या मागे जाऊन रडले होते. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि कुणी काढत नसे.

लेक त्यांच्याच हाताखाली शिकली आणि त्यांच्याच केबिनमध्ये बसली. हात बापाचा घेतला तसा बांधाही बापाचाच. लहानपणी ती एवढी गुबगुबीत होती, की घरात तिचं नावच ढब्बू पडलं. मागच्या तपासणीत काटा अठ्ठ्याण्णव म्हणाला. दोन किलोंनी वाचली. बाकीचे तिच्याकडे पेढे मागू लागले. काकांना मात्र स्वतःची पावलं त्या काट्यावर दिसली. त्याच संध्याकाळी त्यांनी दोन वजनकाटे विकत आणले, एक ओट्यावरचा आणि एक माणसं तोलायचा, फोनमध्ये कॅलरी मोजायचं अ‍ॅप घेतलं, आणि त्या दिवसापासून ‘ढब्बू’ ही हाक बंद केली.

अ‍ॅप सोपं होतं. शोधायच्या जागी ‘राईस’ टाकलं की शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी असा आकडा यायचा. दोन्ही वेळचा मिळून तीनशे ग्रॅम, म्हणजे एक हजार पन्नास. उरलेल्या साडेचारशेत डाळ, अंडं, काकडी, कपभर दूध. बेरीज दीड हजार. क्रेनवर पेललं जाईल तेवढंच उचलायचं असतं, तसं पोटातही झेपेल तेवढंच टाकायचं, इतका सरळ मामला.

बायकोचं शास्त्र याहून लहान होतं. भूक लागली की जेवावं, पोट भरलं की उठावं, तळलेलं-गोड रोज खाऊ नये आणि संध्याकाळी चार पावलं चालून यावं.

"एवढं सोपं असतं तर मी अजून वर बसलो असतो," काका म्हणायचे.

"तुम्ही वर बसून बिस्किटांचे पुडे फस्त करत होतात. भाताने काय घोडं मारलं होतं?"

 केबिनमध्ये सीटच्या मागे काकांनी बिस्किटांसाठी एक पत्र्याचा डबा ठेवला होता हे खरं. लेकीच्या ताब्यात केबिन देताना त्यांनी तो डबा स्वतः खाली आणला आणि कचऱ्यात टाकला होता.

वजन उतरत गेलं, आणि कसं उतरत गेलं! काका रोज सकाळी लेकीला बूट-पट्ट्यासकट काट्यावर चढवायचे आणि आकडा बघून त्यांचा चेहरा फुलायचा. नव्वद. अठ्ठ्याऐंशी. पंच्याऐंशी. साइटवर ते भेटेल त्याला सांगत सुटले. बायकोने मात्र लेकीची पँट कमरेत दुसऱ्यांदा आत घेतली तेव्हा तोंडातल्या टाचण्या काढून ती म्हणाली, "झालं ना आता? शंभर म्हणाले होते, पंच्याऐंशी झाली. आता बस करा."

"मार्जिन लागतं," काका म्हणाले. "मर्यादा आहे म्हणून कुणी मर्यादेपर्यंत माल लावत नाही."

"माल नाहीये तो. मुलगी आहे."

"बाबा बरोबर म्हणतात, आई," लेक म्हणाली आणि शाल घट्ट ओढून घेतली. हल्ली तिला घरातसुद्धा थंडी वाजायची. कंगव्यात केसांचा पुंजका यायचा. जेवून उठली की सोफ्यावर बसल्याबसल्या तिचा डोळा लागायचा. काकांनी हे सगळं पाहिलं होतं. कष्टाचं काम आहे, थकायला होणारच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. माणसाला जे बघायचं नसतं ते डोळ्यांसमोर नाचलं तरी दिसत नाही, आणि सिग्नलकाका तर नजरेसाठी नावाजलेले.

क्रेनच्या कामात बोलण्याची एक रीत असते. क्रेनवाल्याला जिथलं दिसत नाही तिथला माल उतरवताना सिग्नलवाला त्याचे डोळे होतो. "खाली, खाली, खाली," असं तो न थांबता म्हणत राहतो. त्याचा आवाज तुटला, तर क्रेनवाल्याने जागच्या जागी थांबायचं. आणि "बस" हा शब्द सगळ्यांचा. तो सिग्नलवाल्याने म्हणावा, मॅनेजरने म्हणावा, नाहीतर झाडू मारणाऱ्याने म्हणावा, कुणीही म्हटलं की हात थांबला पाहिजे. का म्हणून विचारायचं नंतर. नव्या माणसाला काका हे पहिल्या दिवशी पाठ करून घ्यायचे. लेकीकडूनही घेतलं होतं.

गेल्या काही दिवसांत लेकीचा हात जरासा उशिरा थांबत होता. "बस" म्हटल्यावर हुक आणखी वीतभर उतरायचा. वीतभर म्हणजे काही नाही, आणि या कामात वीतभर म्हणजे सगळं. काकांच्या ते लक्षात आलं होतं. तपासणी आठवड्यावर आली होती. एवढी पार पडू दे, मग बघू, असं त्यांनी ठरवलं.

त्या दिवशी सळयांचा भारा इमारतीच्या मागच्या अंगाला उतरवायचा होता. केबिनमधून ती बाजू दिसत नाही. काका स्लॅबवर उभे होते, आणि सळया बांधणारे चौघे भाऱ्याची वाट बघत पानाची पिंक... नव्हे, गप्पा मारत बसले होते. साइटवर थुंकायला बंदी होती आणि काका त्या बाबतीत खाष्ट होते. ऊन होतं. वारा नावालाही नव्हता. भारा इमारतीच्या कडेवरून आत आला, थोडासा फिरला, आणि काकांनी वॉकीटॉकी तोंडाशी धरली.

"खाली, खाली, खाली. हळू. खाली, खाली. बस."

भारा थांबला. डोक्यावर दोन पुरुष उंचीवर लांबलचक सळया किंचित डोलत राहिल्या. काकांनी चौघांना हातानेच बाजूला व्हायला सांगितलं.

"आता डावीकडे थोडं. डावीकडे, डावीकडे."

काही हललं नाही.

"क्रेन, डावीकडे."

वॉकीटॉकीतून नुसती खरखर आली. मग लेकीचा आवाज आला, पण भलताच बारीक.

"बाबा, मला दिसत नाहीये."

साइटवर बाबा म्हणायचं नाही असा दोघांत करार होता. वर क्रेन, खाली सिग्नल. काका वैतागले. "इथलं तुला दिसणारच नाही. मी सांगतो तसं घे."

"तसं नाही. काहीच दिसत नाही. समोरची काच पण नाही. सगळं पांढरं झालंय."

  एवढ्या उंचावर लोखंडी खोलीत काकांची पोर आंधळी होऊन बसली होती, आणि तिच्या मुठीत हा भारा होता.

अशा वेळी काय करायचं हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. माल तसाच टांगता ठेवायचा. खालची जागा रिकामी करायची. भोंगा वाजवायचा. शिडीने माणूस वर पाठवायचा. इतकं साधं. त्यांचा अंगठा भोंग्याच्या बटणापर्यंत गेलासुद्धा. आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. भोंगा वाजला की मॅनेजर येणार, मॅनेजर आला की डॉक्टर येणार, आणि तपासणी आठवड्यावर असताना लेकीच्या नावापुढे ‘चक्कर’ असा शेरा बसणार. एकदा खाली आणलेल्या माणसाला पुन्हा वर कोण पाठवतं? काकांना विचारा.

त्यांनी अंगठा काढून घेतला.

"ऐक," ते हळू आवाजात म्हणाले. "दोन्ही हात लिव्हरवरून काढ. डोकं गुडघ्यांत घाल. लांब श्वास घे."

"हं."

"बाटलीत पाणी आहे?"

"आहे."

"पी. डब्यात काही शिल्लक आहे?"

"मगाशीच संपला. शेवटी काकडी उरली होती फक्त, तीही खाल्ली."

वर टांगलेला भारा संथपणे फिरत होता. त्याचं एक टोक लाकडी टेकूंकडे वळत होतं आणि ज्या टेकूंवर वरच्या मजल्याचा ओला स्लॅब तोलला होता तेच हे टेकू होते. चौघांपैकी एकाने विचारलं, "काका, काय झालं?" काकांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "लांब व्हा. आणखी लांब."

"बाबा, आता जरा दिसतंय. कडा दिसतायत."

"चक्कर?"

"आहे थोडी."

इथे थांबायचं होतं. काकांना पुढे कित्येकदा वाटलं, इथे थांबायला हवं होतं. पण समोर फक्त दोन पुरुष उंची होती. एवढीशी. ती उतरली की संपलं, कुणाला काही कळणार नाही.

"मी सांगतो तेवढंच घे," ते म्हणाले. "डावीकडे... डावीकडे... बस. शाबास. आता खाली. खाली, खाली, खाली..."

भारा उतरू लागला. काकांचा आवाज खणखणीत होता, वॉकीटॉकी मात्र त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. छातीच्या उंचीवर भारा आला.

"बस."

भारा थांबला नाही.

"बस! बस!"

तो येतच राहिला. मागचं टोक टेकूच्या फळीवर आपटलं, फळी कडकन मोडली, सळया उसळल्या, एक टोक हवेत उडून काकांच्या हेल्मेटजवळून गेलं. चौघे ओरडले. काका ओरडले ते मात्र वॉकीटॉकीत, सगळ्या साइटला ऐकू जाईल असे.

"ढब्बू! ढब्बू, हात सोड!"

हात सुटला, तसा लिव्हर आपोआप मधे आला. हुक जागच्या जागी थांबला. भारा स्लॅबवर तिरका पडला होता, एक टेकू कलला होता, पण वरचा स्लॅब जागेवर होता आणि सगळ्यांची डोकी धडावर होती.  मग खरखर झाली.

"रेडिओवर ढब्बू म्हणू नका," लेक म्हणाली. ती रडत होती.

मॅनेजर जिना चढून धापा टाकत आला. मोडलेली फळी पाहिली, कललेला टेकू पाहिला. "काय झालं, काका?"

"वारा," काका म्हणाले.

"वारा? मीटरवर तर काहीच नाही."

"इमारतीच्या मागे असाच भोवरा होतो कधी कधी. भारा फिरला."

मॅनेजरने मान डोलावली. काका म्हणतात म्हणजे असेल. आजवर कुणी काकांच्या शब्दावर शंका घेतली नव्हती, आणि काकांनी ती वेळही येऊ दिली नव्हती. मॅनेजरने टेकूवाल्यांना हाका मारल्या आणि तो निघून गेला. सळया बांधणाऱ्या चौघांनी काकांकडे एकदा पाहिलं आणि ते मुकाट्याने कामाला लागले. त्या नजरेपेक्षा शिवी परवडली असती.

काकांनी फिटरला गाठलं आणि थर्मासमधून चहा वर धाडला. "साखर घाल. आणखी घाल. अजून." फिटर चढून गेल्यावर सवयीने त्यांचा हात खिशातल्या फोनकडे गेला. चहा, साखर, चार चमचे. अ‍ॅप उघडून ते त्याच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी फोन बंद केला. डोकं दुखतंय असं सांगून लेक दुपारी खाली उतरली. पुढची पाळी दुसऱ्या क्रेनवाल्याने घेतली.

संध्याकाळी बायको दुकानातून आली, तर बाप आणि लेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसले होते आणि दिवासुद्धा लावलेला नव्हता. तिने दिवा लावला. "कोण गेलं?" तिने विचारलं. गंमत म्हणून विचारलं, पण दोघांची तोंडं पाहून ती खुर्ची ओढून बसली. लेकीने सगळं सांगितलं. पांढरं दिसल्याचं, भाऱ्याचं, फळीचं. 

"पण असं कसं होईल?" शेवटी काका म्हणाले. "दीड हजार कॅलरी पोटात जातायत. त्यात चक्कर यायचं कारण नाही. मी रोज तोलून देतो."

बायको उठली. तिने तांदळाचं पाकीट काढलं, नाकावर चष्मा चढवला आणि पाकिटाची मागची बाजू दिव्याखाली धरली.

"शंभर ग्रॅमला साडेतीनशे," तिने वाचलं. "तुम्ही हेच धरता?"

"अ‍ॅपमध्येही तेच आहे. राईस, साडेतीनशे."

"राईस म्हणजे काय?"

"राईस म्हणजे राईस. आता काय शिकवणी लावू?"

"अहो, तांदूळ की भात?"

काका पाकिटावरची अक्षरं वाचायला पुढे वाकले.

"हे पाकिटावर आहे ते तांदळाचं," बायको म्हणाली.  "तुम्ही काट्यावर काय ठेवता? भात. शिजून टम्म फुगलेला भात. मूठभर तांदळाचा तीन मुठी होतो तो. बाकीचं सगळं पाणी. पाण्यालाही कॅलरी लावलीत तुम्ही. इतके महिने पोरीला पाणी तोलून घातलंत."

या माणसाने जन्मात कधी "राईस वाढ" म्हटलं नव्हतं. बाजारातून तांदूळ आणला, घरात भात खाल्ला. तांदूळ निवडताना आईच्या मांडीवर खेळला, भाताचा घास बापाच्या हातून खाल्ला. दोन वेगळे शब्द तोंडात असताना तो फोनमधल्या एका परक्या शब्दावर विसंबला आणि फसला. काकांनी पेन घेतलं नाही. मनातल्या मनातच हिशेब झाला. भाताचे शंभराला जेमतेम एकशे तीस. तीनशे ग्रॅमचे चारशेसुद्धा नाहीत. वरचे साडेचारशे. दीड हजार समजून ते लेकीला साडेआठशेही देत नव्हते. दिवसभर लोखंड हलवणाऱ्या पोरीला. आणि त्यातली शितं काढून स्वतः खात होते.

"कधीपासून येतेय चक्कर?" त्यांनी विचारलं.

लेक टेबलाकडे बघत होती. "महिना झाला असेल. आज तेवढं पांढरं झालं. एरवी नुसतं गरगरायचं."

"मग बोलली का नाहीस? बस म्हणायचं होतंस. कुणीही म्हणू शकतं ना बस? मीच शिकवलं ना तुला?"

"मी म्हणत होते की बस," बायको म्हणाली. "दोनदा पँट आत घेतली, दोन्ही वेळा म्हणाले. तो नियम तुमच्या साइटपुरता आहे का?"

काकांनी खाली मान घातली.

"तुम्ही सकाळी आकडा बघून हसायचात, बाबा," लेक म्हणाली. "खाली आलात तेव्हापासून तुम्हाला असं हसताना बघितलं नव्हतं. रोज थोडा कमी झाला की तुम्ही रोज हसायचात. मला तो आकडा वाढू द्यायचा नव्हता."

काकांना वाटलं, दुपारी ती सळई हेल्मेटजवळून गेली ती जरा अलीकडून जायला हवी होती. मग तेही वाटणं त्यांना खोटं वाटलं. मरून सुटणं सोपं होतं आणि इथे सोपं काही करायचं नव्हतं. त्यांनी खिशातून फोन काढला.

"कुणाला करताय?" लेकीने विचारलं.

"मॅनेजरला."

"बाबा, नको. तपासणी आठ दिवसांवर आहे. आता कळलंय ना कशाने होत होतं? मी खाईन, बरी होईन. काही सांगू नका. मला उतरवतील."

"उतरवू देत."

"तुम्हाला माहितीये उतरवणं म्हणजे काय ते!" ती उभी राहिली. तिने फोनला हात घातला, पण उठल्याबरोबर तिचा तोल गेला आणि तिने टेबलाची कड धरली. आईने तिला मागून धरून खाली बसवलं. तेवढ्यात पलीकडून आवाज आला होता.

"साहेब, सिग्नलकाका बोलतोय," काका म्हणाले. "दुपारी वारा नव्हता."

पलीकडून प्रश्न येण्याआधीच ते पुढे बोलले.

"तिला चक्कर आली होती. दिसत नव्हतं तिला. तिने मला सांगितलं होतं. भोंगा वाजवायचा सोडून मी तिला माल उतरवायला लावला. चूक माझी. चक्कर आली तीही माझ्याचमुळे, ते सांगायला वेळ लागेल, उद्या सांगतो."

मॅनेजर बराच वेळ बोलत होता. काका "हो" म्हणत होते, "बरोबर आहे" म्हणत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी तो टेबलावर पालथा घातला.

"डॉक्टर हो म्हणेपर्यंत तू वर जायचं नाहीस," ते म्हणाले. "डॉक्टर हो म्हणाला की जायचं. तसं वचन घेतलंय मॅनेजरकडून."

"आणि तुम्ही?"

"माझी वॉकीटॉकी काढून घेतली. गोदामात बसायचं. बरोबरच आहे. मीसुद्धा तेच केलं असतं."

लेक रडायला लागली. बापासाठी की स्वतःसाठी हे तिलाही सांगता आलं नसतं. बायकोने दोघांकडे पाहिलं, पदर खोचला आणि ओट्याकडे वळली. रडायचं तर रडा, पण उपाशीपोटी नाही, असं तिच्या पाठीवरूनच समजत होतं. तिने जरा जास्तच तांदूळ घेतले, धुतले, भांडं गॅसवर चढवलं. वजनकाटा ओट्यावर मधे येत होता, तो उचलून तिने फ्रिजवर ठेवला आणि त्यावर ओला फडका वाळत टाकला.

ताटं मांडली. वाफाळता भात आला, डाळ आली, अंडी आली, तुपाची वाटी आली. तुपाकडे काकांची नजर गेली आणि त्यांनी ती लगेच दुसरीकडे वळवली.

"बस म्हण," बायको लेकीला म्हणाली आणि वाढायला लागली.

एक डाव भात ताटात पडला. रोजचा दीडशे ग्रॅमचा ढीग काकांना पाठ होता, तो तिथेच पुरा झाला. दुसरा डाव पडला. लेक काही बोलली नाही. ताटाकडे बघत राहिली. तिसऱ्यांदा डाव पातेल्यात गेला, आणि सिग्नलकाकांचा उजवा हात आपोआप टेबलावर उठला. आडवा, ताठ, तळवा खाली. थांबण्याचा इशारा.

तिघांनीही तो हात पाहिला. बायकोचा डाव अधांतरी राहिला. रीतच तशी होती, कुणीही बस म्हटलं की थांबायचं.

काकांनी आपल्या हाताकडे परक्या माणसाच्या हाताकडे बघावं तसं बघितलं. मग त्यांनी तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला. "वाढ," ते बायकोला म्हणाले. "ती सांगेल."

तिसरा डाव पडला. चौथा अर्धा पडला.

"बस," लेक म्हणाली.

बायको तिथल्या तिथे थांबली. लेकीने भातात डाळ कालवली, पहिला घास घेतला, आणि मग तिने मान वर केली नाही. ती जेवत होती आणि जेवता जेवता नाक पुसत होती. काका मांडीखालचा हात तसाच ठेवून डाव्या हाताने चाचपडत जेवायला लागले, आणि त्यांचं ते ध्यान बघून लेकीला रडता रडता हसू आलं.

"बाबा, उजव्या हाताने जेवा," ती म्हणाली.

"नको," काका म्हणाले. "आज नको."